टीव्हीखालच्या बंद कपाटातली उष्णता आणि पंख्यांची घरघर

गोगलगाय (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही दिवाणखान्यात टीव्हीखाली एक लांबट, बैठे कपाट करून घेतले. आधी सगळी यंत्रे उघड्या मांडणीवर होती आणि वायरींचे जंजाळ आल्यागेल्याला दिसत असे, म्हणून या खेपेस घरच्यांचा आग्रह होता की काहीही दिसता कामा नये. कपाट १२० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल आणि ४० सेंमी उंच आहे. ते १८ मिमी प्लायवूडचे असून त्याला दोन घट्ट बसणाऱ्या झडपा आहेत आणि पाठीमागे वायरींसाठी एकच भोक आहे, त्यातही वायरी कोंबलेल्या. आत पाच स्पीकरांचा ॲम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि दोन हार्ड डिस्क असलेला एक छोटा संगणक आहे. घरातली छायाचित्रे आणि गाणी साठवण्यासाठी तो चोवीस तास चालू असतो. प्लगला लावायच्या मीटरवर चारही यंत्रे मिळून साधारण १२५ वॅट दिसतात.

झडपा लावून चित्रपट पाहायला बसलो की तासाभरात संगणकाचा पंखा घरघरू लागतो आणि पुढे अर्ध्या तासाने ॲम्प्लिफायर स्वतःहून बंद पडतो. स्वयंपाकघरातला सळईचा तापमापक आत ठेवून पाहिला. खोलीत ३० अंश सेल्सिअस असताना दीड तासाने कपाटात ५४ अंश होते. मग मी ८० मिमीचे दोन पंखे आणून पाठीमागच्या फळीवर, हवा बाहेर फेकतील असे बसवले. तापमान ४९ वर आले, पण आवाज इतका वाढला की हळू आवाजातले संवाद ऐकूच येईनात. वैतागून पंखे बंद केले आणि एक झडप चार बोटे उघडी ठेवली, तर तासाभरात तापमान ४० पर्यंत उतरले आणि आवाजही गेला.

जे काम दोन पंख्यांना जमले नाही ते चार बोटांच्या फटीने केले, ते कसे, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, झडपा बंद ठेवूनही हे साधेल अशी कपाटाची रचना कशी करावी?

सोल्डरगंध

आपण मोजमापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे हिशेब मांडता येतो. यंत्र जेवढी वीज खाते तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे आपल्या कपाटात १२५ वॅटची एक लहानशी शेगडी सतत पेटलेली आहे. या उष्णतेला बाहेर जायला दोनच वाटा आहेत, एक कपाटाच्या भिंतींतून आणि दुसरी हवेबरोबर.

प्रथम भिंती पाहू. प्लायवूड हे उष्णतेचे वाईट वाहक आहे. १८ मिमी फळी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिकटून राहणारे हवेचे थर मिळून दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला जेमतेम अडीच वॅट बाहेर जाऊ देतात. आपल्या कपाटाचे एकूण पृष्ठफळ २.४ चौरस मीटर भरते, पण पाठ भिंतीला आणि तळ जमिनीला लागलेला असल्यामुळे उपयोगी भाग पावणेदोनच्या आत धरावा लागेल. म्हणजे एका अंशामागे सुमारे साडेचार वॅट. १२५ ला साडेचाराने भागले तर २८ अंश येतात. खोली ३० अंशांवर असेल तर कपाट ५८ च्या आसपास स्थिरावणार. आपल्याला दीड तासाला ५४ दिसले, म्हणजे ते अजून चढतच होते.

आता हवा. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १२०० जूल लागतात. त्या हिशेबाने १२५ वॅट उष्णता केवळ १० अंशांच्या वाढीत बाहेर न्यायची असेल, तर दर सेकंदाला १० लिटरांहून थोडी जास्त हवा कपाटातून जायला हवी. एका घागरीएवढीच हवा, पण ती सेकंदा-सेकंदाला बदलली पाहिजे. ८० मिमीचा साधा पंखा मोकळ्यावर एवढी हवा आरामात देतो. मग आपल्याकडे दोन पंखे हरले का? कारण ते हवा बाहेर फेकू पाहत होते आणि आत येणाऱ्या हवेला दारच नव्हते. तोंडावर बोट ठेवून पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसा तो प्रकार. अशा वेळी पात्यांवरून हवा सुरळीत वाहत नाही, ती पात्यांपासून सुटून भोवरे करते. आपल्याला जी घरघर ऐकू आली त्यातला मोठा भाग या भोवऱ्यांचा होता, मोटरचा नव्हे.

झडप उघडल्यावर मात्र थंड हवेला खालून आत यायला आणि गरम हवेला वरून बाहेर पडायला एकाच फटीत वाट मिळाली. उंचीतला हा फरक फुकटची चिमणी असते. तिचा जोर नगण्य, पास्कल या दाबाच्या एककाच्या आठव्या-दहाव्या भागाएवढा असतो, पण वाट पुरेशी रुंद असेल तर तेवढा पुरतो. माझ्या हिशेबाने तळाशी एक मीटर लांब व पाच सेंटीमीटर रुंद फट आणि माथ्याशी तेवढीच दुसरी फट ठेवलीत, तर पंख्याशिवायही कपाटाचे तापमान खोलीपेक्षा १० अंशांच्या आसपासच जास्त राहील. जाळी लावणार असाल तर जाळीच्या तारांनी व्यापलेली जागा वजा करून फट तेवढी मोठी ठेवावी.

सुतारपक्षी

मी गेली बावीस वर्षे फर्निचरची कामे करतो आणि हा प्रश्न दर दुसऱ्या घरी येतो. ग्राहकाला कपाट हवे असते तिजोरीसारखे आणि आत ठेवायची असते भट्टी. आपल्या आजीकडे दूध-दुभत्यासाठी जाळीचे कपाट असायचे, त्याला कोणी मागास म्हणत नसे. हवा खेळली पाहिजे हे त्या सुताराला कळत होते.

व्यवहारातले सांगतो. खालची फट समोरून दिसू द्यायची नसेल तर कपाट सात-आठ सेंटीमीटर उंच पट्टीवर बसवावे, त्या पट्टीच्या पुढच्या बाजूला मोकळी जागा ठेवावी आणि कपाटाच्या तळफळीला पुढच्या अंगाने लांब चीर पाडावी. हवा पट्टीखालून शिरते आणि तळातून वर येते. उभ्याने पाहणाऱ्याला काही दिसत नाही. वरची फट मात्र माथ्याच्या फळीत ठेवू नये, ती पाठीमागच्या फळीच्या वरच्या कडेला पाडावी आणि कपाट भिंतीपासून निदान पाच-सहा सेंटीमीटर पुढे ओढावे. माथ्यावर भोके ठेवली की आज ना उद्या त्यावर काहीतरी येतेच. जुन्या टीव्हीच्या पाठीवर, नेमके हवेच्या फटींवरच, क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

सध्या झडपांना वेताची जाळी लावायची पद्धत आहे आणि ती या कामाला उत्तम आहे. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीत, यंत्राने कोरलेल्या नक्षीच्या जाळ्या मात्र दिसायला मोकळ्या वाटतात, पण पुष्कळ नक्ष्यांत भोकांची एकूण जागा पाव हिस्साही भरत नाही. नक्षी निवडताना रिकामा भाग किती हे आधी विचारावे. आणि मागून काळे कापड लावायचा मोह टाळावा, कारण कापड लावले की जाळी असून नसल्यासारखी होते.

दीड_दमडी

एवढा खटाटोप कशाला? झडपा काढून टाका. उघड्यावर ठेवलेली वस्तू बंदिस्त वस्तूपेक्षा थंड राहणारच, त्यात हिशेब कसला मांडायचा? माझ्या संगणकाचे झाकण मी चार वर्षांपूर्वी काढले ते परत लावलेलेच नाही.

सोल्डरगंध

कपाटाच्या बाबतीत आपले म्हणणे खरे आहे, पण संगणकाच्या बाबतीत सरसकट खरे नाही. चांगल्या पेटीत पुढचा पंखा हवा आत ओढतो आणि ती हवा हार्ड डिस्कांवरून, मग मदरबोर्डवरच्या लहान-मोठ्या भागांवरून जाऊन मागून बाहेर पडते. झाकण काढले की हवेला जवळची वाट सापडते आणि ती बाजूनेच निसटते. प्रोसेसरवर स्वतःचा पंखा असल्यामुळे त्याचे तापमान उतरलेले दिसते आणि आपण खूश होतो, पण ज्यांना स्वतःचा पंखा नाही अशा डिस्का आणि वीजनियंत्रक भाग मात्र काही वेळा आधीपेक्षा गरम होतात. झाकण हे नुसते आवरण नसते, वाहत्या हवेच्या नळीची ती एक भिंत असते. आपण डिस्कांची तापमाने झाकणासह आणि झाकणाविना, एकाच कामाखाली, अर्धा-अर्धा तास मोजून पाहावीत.

दीड_दमडी

पाहिले. प्रोसेसर सहा अंशांनी उतरला आणि वरची डिस्क चार अंशांनी चढली. झाकण परत लावत आहे. स्क्रू मात्र हरवले आहेत.

मध्यरात्रीचा_श्रोता

तापमानाचे बरेच बोलून झाले, म्हणून आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक पंखा बदलतात आणि आवाज तसाच राहतो असे वारंवार दिसते.

पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, एकाऐवजी सारखे दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणून वाट मोकळी असेल तर एका जोरात फिरणाऱ्या पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन पंखे तेवढीच हवा देतात आणि सुमारे १२ डेसिबलने शांत राहतात. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज अंदाजे निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले तर हा फरक किती मोठा आहे ते कळेल. ‘वाट मोकळी असेल तर’ ही अट मात्र विसरता येत नाही, कारण निम्म्या वेगावर पंख्याचा दाब चौथाईच उरतो. अरुंद फटी आणि दाट जाळ्या असलेल्या पेटीत हळू पंखा नुसता गरगरत राहतो, म्हणून पेटी बनवणारे नाइलाजाने वेग वाढवतात. याचा अर्थ यंत्राचा आवाज पुष्कळदा पंखा निवडण्याच्या आधीच, पेटीच्या कागदावरच्या आराखड्यात ठरून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट जाळीच्या अंतराची. पंखा जिकडून हवा ओढतो त्या बाजूला पात्यांच्या अगदी पुढ्यात भोकांचा पत्रा असेल, तर प्रत्येक पाते त्या पट्ट्यांमागच्या विस्कटलेल्या हवेवर आपटते आणि एक ठरावीक सूर निघतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर हा सूर १४० हर्ट्झचा असतो. पंखा आणि जाळी यांच्यात दीड-दोन सेंटीमीटर मोकळी जागा सोडली की हा सूर बराच बसतो. त्यासाठी जुन्या, खराब पंख्याची पाती तोडून त्याची नुसती चौकट मध्ये बसवण्याची युक्ती स्वस्त आणि उत्तम आहे.

तिसरी गोष्ट दोन पंख्यांच्या जोडीची. एक १२०० आणि दुसरा ११८० फेऱ्यांवर असला तर त्यांचे सूर सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा एकमेकांत मिसळतात आणि सुटतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित हलल्या की जशी आंदोलने ऐकू येतात तसेच हे आहे. तंबोरा लावताना आपण ती ऐकून तार जुळवतो, इथे मात्र रात्रभर घों-घों-घों असे चालते आणि झोप उडते. दोन्ही पंखे एकाच नियंत्रकावर घ्यावेत, किंवा त्यांच्या वेगांत मुद्दाम चांगले दोन-तीनशे फेऱ्यांचे अंतर ठेवावे.

शेवटी कंप. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते. ती थरथर स्वतः ऐकू येण्याजोगी नसते, पण पेटीचा पातळ पत्रा आणि त्याखालची प्लायवूडची मोठी फळी तिला धरून बोलू लागतात, जसा भोपळा तारेला बोलता करतो. हे ओळखायची सोपी रीत म्हणजे संगणक दोन्ही हातांनी फळीवरून एक बोटभर उचलून पाहावा. घुमणे थांबले तर दोष पंख्याचा नाही, पायांचा आहे. खाली मऊ रबराचे जाड पाय किंवा स्पंजाचे तुकडे ठेवावेत. ते ठेवताना पेटीच्या तळाची भोके झाकली जाणार नाहीत एवढे पाहावे.

उन्हाळी_पाखरू

मी नागपूरचा आहे. आपण ३० अंशांच्या खोलीचा हिशेब करता याचा हेवा वाटतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८ सहज असतात. कपाट खोलीपेक्षा १० अंशांनीच गरम राहिले तरी आतली हवा ४८ आणि पेटीच्या आतले भाग त्याहून वर. पेटी केवढीही हुशारीने केली तरी ती आतले तापमान खोलीच्या खाली नेऊ शकत नाही, म्हणून आमच्याकडे हिशेब दिवाळीत नव्हे, मे महिन्यात करावा.

कूलरचा झोत थेट यंत्रांवर घेऊ नये हेही सांगून ठेवतो. ती हवा थंड असते, पण ओलसर असते, आणि वाळ्याचे किंवा गवताचे तूस बरोबर आणते. माझ्या राउटरच्या फटींवर एका उन्हाळ्यात पांढरट थर बसला होता.

सोल्डरगंध

या १० अंशांचा अर्थ किती होतो ते सांगतो. वीजपुरवठ्याच्या भागात जे दंडगोल कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून सोडणारे भाग, असतात, त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. कामचलाऊ नियम असा की दर १० अंशांनी त्यांचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांना २००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास साडेतीन वर्षांहून थोडे जास्त. तोच ५५ अंशांना सात वर्षांच्या पलीकडे जातो. सेट-टॉप बॉक्स तीन-चार वर्षांत ‘आपोआप’ जातो असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणत्या कप्प्यात ठेवला होता हेही विचारायला हवे.

खाडीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यात मी टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करतो. इथे वरच्या मंडळींशी माझा थोडा मतभेद आहे. ‘फटी वाढवा’ हा सल्ला कोरड्या हवेत चालतो. आमच्याकडे उघडलेल्या दर चार-पाच पेट्यांपैकी एकीत मुंग्यांचे वारूळ, झुरळांची अंडी किंवा पाल सापडते. पावसाळ्यात यंत्राच्या उबेला हे सगळे जीव येतात. गेल्या श्रावणात आलेल्या एका बॉक्समध्ये पालीचे पिल्लू वीजपुरवठ्याच्या दोन टोकांना पूल करून चिकटले होते आणि सर्किट बोर्डावर बोटभर काळा डाग पडला होता. शिवाय खारी हवा. तांब्यावर हिरवट थर चढतो तो फटीतून येणाऱ्या हवेनेच.

अशा ठिकाणी दुसरी वाट बरी असते. पेटी बंद ठेवायची आणि पेटीलाच उष्णता फेकायला लावायची. पंखा नसलेले छोटे संगणक मिळतात, त्यांचे अंग ॲल्युमिनियमचे आणि पाठीला पन्हळी काढलेल्या असतात. आतली चिप मऊ पट्टीने थेट त्या अंगाला टेकवलेली असते. ॲल्युमिनियम उष्णता प्लॅस्टिकच्या शेकडो पटींनी चांगली वाहून नेते, त्यामुळे आत धूळ नाही, पाल नाही आणि आवाज तर मुळीच नाही. फक्त अशी पेटी हाताला चांगली चटका देणारी लागते आणि लोक घाबरून ती परत आणतात. त्यांना सांगावे लागते की अहो, अंग गरम लागते म्हणजे आतली उष्णता बाहेर येते आहे. बाहेरून गार लागणारी प्लॅस्टिकची पेटी आतून किती पोळलेली असते ते आम्ही रोज पाहतो.

रंगाविषयी एक गैरसमज आहे तोही सांगतो. चकचकीत, उघडे ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फारच कमी फेकते. त्यावर रंग दिला किंवा ॲनोडाइझ केले, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवला, की ते प्रमाण कैक पटींनी वाढते. पण तो रंग काळाच हवा असे नाही. या तापमानांना पांढरा रंगही जवळजवळ तेवढेच किरण फेकतो. काळा केवळ उन्हात ठेवायच्या वस्तूला वाईट, घरात दोन्ही सारखेच.

मध्यरात्रीचा_श्रोता

खाडीकाठ, आपला मुद्दा मान्य. मात्र पंखा नसलेली पेटी आडवी ठेवायची की उभी, यानेही फरक पडतो. पन्हळी उभ्या असतील तर त्यांच्यामधून हवा वर चढते, आडव्या असतील तर तिथेच कोंडते. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक २०१९ साली आला तेव्हा ८० अंशांना पोचल्यावर तो स्वतःचा वेग उतरवतो हे लोकांच्या लक्षात आले, आणि त्याची अधिकृत प्लॅस्टिक पेटी तर बिनफटींची होती. तो बोर्ड नुसता उभा ठेवला तरी तापमान उतरते हे त्याच्या निर्मात्यांनीच मोजून दाखवले होते.

जुना_टंकलेखक

हा सगळा वाद वाचून मला ॲपल कंपनीची आठवण झाली, कारण शांत पेटीचा हट्ट धरून हात पोळून घेण्याचे तिचे उदाहरण पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. १९८० सालचा ॲपल ३ हा संगणक पंख्याविना काढला होता आणि त्याच्या ॲल्युमिनियमच्या जड बैठकीनेच उष्णता बाहेर टाकावी अशी योजना होती. पुढे त्याच्या चिपा खोबणीतून सैल होऊ लागल्या. यंत्र थोडे उचलून टेबलावर आपटा म्हणजे चिपा परत बसतील, असा सल्ला दिला जात असल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. दोष खरोखर उष्णतेचा की सदोष बोर्डाचा, यावर मतभेद आहेत.

२००० साली त्यांनी घनाकार जी४ क्यूब काढला. तो पंख्याविनाच होता, खालून हवा घेऊन माथ्यावरच्या जाळीतून सोडणारा. सोल्डरगंध यांनी सांगितलेली चिमणीच ती. वीजपुरवठा पेटीबाहेर काढल्यामुळे आतली उष्णता आधीच कमी केलेली होती, हे त्यातले खरे शहाणपण. यंत्र वर्षभरातच बंद झाले, पण ते महागाईमुळे आणि कमी खपामुळे. २०१३ चा नळकांड्यासारखा मॅक प्रो मला अधिक बोधक वाटतो. मध्ये त्रिकोणी धातूचा गाभा, त्याच्या तीन बाजूंना तीन बोर्ड आणि माथ्यावर एकच मोठा, हळू फिरणारा पंखा. आवाज अगदी अल्प होता. पण तीन बाजूंना उष्णता सारखी वाटली जाईल हे गृहीत धरलेले होते आणि पुढे बाजाराला हवे झाले एकच, भरपूर वीज खाणारे ग्राफिक्स कार्ड. ते त्या त्रिकोणात बसवता येईना. २०१७ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी पत्रकारांपुढे कबूल केले की उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतले. २०१९ चा मॅक प्रो पुन्हा पुढे तीन पंखे असलेली चौकोनी पेटी होऊन आला.

धागाकर्त्यांना यातून एवढेच सुचवावेसे वाटते की, कपाट आजच्या १२५ वॅटना बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखे करू नका. उद्या मुलगा खेळांची पेटी आणील आणि तीच एकटी दोनशे वॅट खाईल.

आळीतली_ताई

एक बाळबोध शंका. आमच्याकडे वीज फार जाते. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी याच कपाटाच्या शेजारच्या कप्प्यात ठेवली तर चालेल का? वायरिंग सोपे पडेल असे इलेक्ट्रिशियन म्हणतो आहे.

सोल्डरगंध

ताई, कृपा करून ठेवू नका, आणि ही शंका बाळबोध मुळीच नाही. पाणी घालावे लागणारी शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तो हवेहून हलका असल्यामुळे बंद कप्प्याच्या माथ्याशी साचतो आणि ठिणगीने स्फोट होऊ शकतो. शिवाय आम्लाच्या वाफेने शेजारच्या यंत्रांचे पत्रे आणि बोर्ड गंजतात. बॅटरी मोकळ्या, वारा खेळत्या जागीच असावी. इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचा १०० हर्ट्झचा गुणगुणाटही लाकडी कप्प्यात घुमेल, तो त्रास वेगळाच.

गोगलगाय (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिने गेले, पण काम झाले आहे, म्हणून कळवतो.

कपाट पट्टीवर चढवले, तळफळीला पुढच्या अंगाने १०० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद चीर पाडली आणि कपाट भिंतीपासून ६ सेंमी पुढे ओढले. तळाच्या चिरीला पालींसाठी स्टीलची जाळी लावली आणि जाळीच्या तारा धरून चीर आणखी दीड सेंमी वाढवली. संगणक ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर होता तो शेजारी ठेवला, कारण त्याच्यामुळे ॲम्प्लिफायरच्या वरच्या फटी झाकल्या जात होत्या हे मला इतके दिवस दिसलेच नव्हते. ८० मिमीचे दोन्ही पंखे काढले. १४० मिमीचा एकच पंखा पाठीमागच्या फळीवर, जाळीपासून दोन सेंमी मागे, आतले तापमान ४० च्या वर गेले तरच ६०० फेऱ्यांवर फिरेल असा बसवला.

खोलीत ३१ असताना पंख्याविना कपाटात ४२ दिसतात, पंखा चालू झाल्यावर ३८. ॲम्प्लिफायर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. उचलून पाहण्याची परीक्षाही केली. घुमणे खरोखरच फळीचे होते, स्पंजाच्या चार तुकड्यांनी ते गेले. आता रात्री ऐकू येते ती फक्त डिस्कची टकटक, आणि तिचा मला त्रास नाही.

एक चूक मात्र कबूल करतो. सुतारपक्षी यांनी बजावले असतानाही वरची चीर मी पाठीच्या फळीत न पाडता माथ्यावर, टीव्हीच्या मागे पाडली, कारण आमचा सुतार म्हणाला की तिथे कोणाचे लक्ष जाणार नाही. मृग लागला, हवेत गारठा आला आणि आमच्या मांजरीचे लक्ष गेले. ती रोज संध्याकाळी त्या उबदार जाळीवर अंग पसरून झोपते आणि ती झोपली की तासाभरात पंखा सुरू होतो.

सुतारपक्षी

माथ्यावरची चीर त्याच लाकडाच्या पट्टीने बुजवा आणि पाठीच्या फळीत वरच्या कडेपासून दोन सेंमी सोडून नवी पाडा. जिगसॉ घेऊन कोणीही अर्ध्या दिवसात करून देईल. फक्त करवत चालवण्याआधी आतली यंत्रे बाहेर काढा, नाहीतर लाकडाचा भुसा सगळ्या पंख्यांत जाईल.

गोगलगाय (धागाकर्ता)

सुतार रविवारी येणार आहे. तोवर जाळीवर वेताची परडी उपडी घालून ठेवली आहे. हवा जाते, मांजरीला मात्र बसता येत नाही, म्हणून ती काल रात्री परडीशेजारी बसून तिच्याकडे पाहत होती.